सतरा नंबर

जपानमधल्या आकिताच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या खासगी विद्यापीठात हाताकेयामाबाई एकतीस वर्षं प्रवेशाचे अर्ज घेत होत्या. पूर्वी निकालाचा फलक लागला की अंगणात रडारड व्हायची. आता गावात पोरंच जन्मत नव्हती, येईल त्याला प्रवेश. यंदा तर अर्जच तेवीस आले.

"ओळीनं तेवीस आकडे लावले तर आपली काय शोभा राहील?" प्रवेश विभागाचे प्रमुख म्हणाले. "मुलाखतीचे नंबर देतानाच मधले चार-पाच गाळा. कुणीतरी नापास झालेलं दिसलं पाहिजे."

"म्हणजे नसलेल्या पोरांना नापास करू?" बाई फणकारल्या. पण नंबर त्यांनीच गाळले.

निकालाच्या दिवशी भर बर्फात एकटी मिओ आली, बंदरावरच्या कोळ्याची मुलगी. फलकावर आपला अठरा नंबर बघून ती हमसून हमसून रडली.

"काकू, झाले हो मी पास! जन्मात पहिल्यांदा कुणाच्या तरी पुढे गेले." मग तिनं फलक पुन्हा वरून खाली वाचला. "पण माझ्या आधीचा सतरा नंबर नाहीये. त्याच्या घरी आज काय चाललं असेल हो?"



मिओनं दप्तराला बांधलेला देवळातला ताईत सोडवला. "एवढा त्याला पाठवाल? पुढच्या वर्षी लागेल त्याला."

"पाठवते हं."

ती गेल्यावर बाईंनी पाकिटात ताईत घातला, वर सतरा लिहिलं आणि पाकीट खणात ठेवून दिलं. पत्ता कुठला घालणार? ते पोर त्या गावात कुणाच्या पोटी जन्मालाच आलं नव्हतं.