बेकरीत भाजलेली आंबटगोड कोंबडी

आमच्या दवाखान्यात औषधं कधीमधी संपतात, किस्से काही संपत नाहीत. दुपारी ओपीडी रिकामी झाली, डबे उघडले, की एकजण सुरू करतो आणि त्याचा खरकटा हात वाळायच्या आत दुसऱ्याचा किस्सा तयार. मी इथली लॅब टेक्निशियन. दिवसभर लोकांचं रक्त काढते, त्यामुळे हसायला मिळालं तर सोडत नाही. दवाखाना उंब्रजपासून जवळच. हे सगळे किस्से गेल्या दसरा-दिवाळीच्या मधले आणि सगळे एकाच कोंबडीचे. म्हणजे पदार्थ एकच, कोंबड्या पुष्कळ गेल्या!

*

जाधवबाई आमच्या सिनियर सिस्टर. आठ दिवस पुण्याला लेकीकडं राहून आल्या, त्या एक रेसिपी घेऊनच. ओव्हनमधलं आंबटगोड चिकन. मूळ रेसिपीत व्हिनेगर आणि अननस होता. बाईंनी व्हिनेगरच्या जागी चिंच बसवली, अननसाच्या जागी गूळ. त्यात कांदा, ढोबळी मिरची, लसूण आणि आपला कांदा-लसूण मसाला, नावाला दोन चमचे. सगळं ट्रेमध्ये कालवायचं, आत सरकवायचं, तासाभरानं काढायचं. वाटण नाही, परतणं नाही, मध्ये ढवळणंसुद्धा नाही.

माने सर आमचे फार्मासिस्ट. त्यांना काही हे पटेना. त्यांनी विचारलं, "मग बाई, त्यो तासभर तुमी करायचं काय?"

"बसायचं," जाधवबाई म्हणाल्या.

आम्ही बायका डबे सोडून पुढं सरकलो. स्वैपाक शिजतोय आणि आपण बसलोय, हे आमच्यापैकी कुणीच कधी केलेलं नव्हतं.

*

या रेसिपीची खरी गरज होती शैलाला. शैला आमची नर्स. माहेर फलटणचं, सासर म्हसवडचं, आता सगळं बिऱ्हाड उंब्रजला. सहा वर्षं कंत्राटावर काढून नुकतीच परमनंट झाली होती. लसीकरणाच्या दिवशी वाड्यावस्त्या फिरून घरी पोचायला सात वाजायचे, मग भाकऱ्या, मग कालवण. सासूबाईंनी एके दिवशी फर्मानच काढलं. दिवाळीच्या आत नोकरी सोड, घरात माणसांना वेळेवर ताट मिळत नाही. नवरा हुशार. आई बोलायला लागली की मोबाईलमध्ये बघायचा.

हे सांगताना शैला डब्यावरच रडायला लागली. मला त्या नवऱ्याचा इतका राग आला की मीही रडले. जाधवबाईंनी दोघींना ग्लास-ग्लासभर ओआरएस पाजलं. त्यांच्याकडं सगळ्यावर तेच औषध असतं. मग ठरलं, की एका बुधवारी, म्हणजे लसीकरणाच्याच दिवशी, ही कोंबडी करायची आणि नोकरी सांभाळूनही आठाच्या आत ताट वाढता येतं हे सासूबाईंना दाखवून द्यायचं.

*

पहिली ट्रायल माझ्या घरी, कारण ओव्हन फक्त माझ्याकडं. लग्नात आलेला. नऊ वर्षं आम्ही त्यात कॅरीबॅगा साठवत होतो.

आमचं देवघर स्वैपाकघरातच, त्यामुळे कोंबडी घरात शिजत नाही. तिची चूल वेगळी, भांडी वेगळी, सगळं गच्चीवर. मग ओव्हनही एक्स्टेन्शन लावून गच्चीवर चढला. मांजरं येतील म्हणून नवऱ्याला राखणीला बसवलं. रविवारची भर दुपार. त्यात लाइट तीनदा गेली. शिवाय ह्यांना दम धरवेना. दर पाच मिनिटांनी दार उघडून बघायचे आणि आतली सगळी धग बाहेर जायची. चार वाजता मी वर जाऊन बघते तर कोंबडी कच्ची आणि नवरा भाजून निघालेला!

*

बेकरीची कल्पना माने सरांची. दिवाळीला सगळ्या बायका रवा-तूप-साखर घेऊन जातात आणि बेकरीतून नानकटाई भाजून आणतात. "मग कोंबडीनं काय घोडं मारलंय?" असं त्यांचं म्हणणं.

बेकरीवाले रज्जाकभाई तयार झाले. अट एवढीच, की सगळ्यांच्या नानकटाया निघून भट्टी रिकामी झाली की मगच, तेही झाकण घट्ट लावून. पुढच्या रविवारी दुपारी आम्ही ट्रे घेऊन हजर. नावाची चिठ्ठी लावायचं काम माने सरांकडं. त्यांनी खिशातलं औषधाचं पाकीट काढलं, वर नाव लिहिलं आणि वीस वर्षांच्या सवयीनं 'जेवणानंतर' यावर टिक करून झाकणाला चिकटवलं.

रज्जाकभाई शिस्तीचा माणूस. चिठ्ठी वाचली, घरी गेले, निवांत जेवले, परत आले आणि मग ट्रे भट्टीत घातला. तोवर आम्ही बाकावर बसून त्यांचे दोन डझन पाव संपवले होते. पण ट्रे निघाला आणि काय सांगू! गुळानं नुसती चकाकी आली होती. पोट भरलेल्या माने सरांनी ट्रेच्या कडा पावानं पुसून खाल्ल्या.

*

शेवटी तो बुधवार आला. शैलानं चिंच-गुळाचा कोळ सकाळीच करून डब्यातून आणला होता. वस्तीवरून पाचला परतली, माने सरांनी आणलेलं चिकन बेकरीच्या बाकावरच पाच मिनिटांत कालवलं, ट्रे आत घातला. साडेसहाला बाहेर. सातला शैला घरी.

घरी पुढच्या सोप्यात मामा बसलेले. सासूबाईंचे थोरले भाऊ, म्हसवडहून न सांगता आलेले. आयुष्यभर मेंढरं राखलेला माणूस, मटणातला दर्दी. घरातला कुठलाही मोठा निर्णय त्यांना विचारल्याशिवाय व्हायचा नाही, आणि ते आले होते शैलाच्या नोकरीचं मिटवायलाच.

शैला मागच्या दारानं आत गेली. सासूबाईंनी झाकण काढून बघितलं. ना रस्सा, ना तर्री. "भावाच्या म्होरं ह्ये गुळाचं वाढू व्हय?" त्या म्हणाल्या. पण घरात दुसरं काहीच नव्हतं. भाकरीबरोबर तेच वाढलं. आठ वाजायला दहा मिनिटं होती.

पहिला घास घेऊन मामा थांबले. शैला सांगत होती, भाकरी वाढायची सोडून ती त्यांचं तोंडच बघत राहिली. मामांनी दुसरा घास घेतला. मग परत वाढून घेतलं, मग आणखी एकदा. हाडं चोखून झाल्यावर त्यांनी विचारलं, "लय झ्याक झालंय. कुणी केलं गं?"

शैला तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मीच की."

मामांनी बहिणीचं तोंडभरून कौतुक केलं. भाऊबीजेला सगळे भाऊ मिळून इकडंच येतो, हेच कर, असंही सांगून टाकलं. जेवून तृप्त झालेला माणूस नोकरीचा विषय विसरूनच गेला. शैलाला मात्र वाटलं, संपलं सगळं, आता कुठल्या तोंडानं सांगणार, की कोंबडी मी केली.

सकाळी ती निघाली तर सासूबाईंनी स्वतः भरलेला डबा तिच्या हातात दिला. दाराबाहेर कुणी नाही ना, ते बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "नोकरी सोडायचं नाव काढू नगंस. तू घरात बसलीस तर भाऊबीजेला समदी म्हणतील, कोंबडी सुनंनंच केली."