सहा वेळा तपासलेली बेरीज

माझ्या धाकट्या दिरांना दुसऱ्याचं काम तपासायला फार आवडतं. स्वतःचं करायची वेळ आली की त्यांची पाठ धरते. मी टॉवेलची घडी करून ठेवली तर ती उलगडून, कडा जुळवून पुन्हा घालतील. पण तोच टॉवेल दोरीवरून काढून आणणार नाहीत. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात, बरण्यांवरच्या चिठ्ठ्या एका रेषेत नाहीत हे त्यांनी मला दाखवून दिलं होतं. तेव्हा ते कॉलेजात होते. आता पंचेचाळिशी उलटली आहे, आणि ह्याच गुणावर त्यांचं पोट चालतं.

जिन्याखालच्या खोलीत बसून भावजी कोड तपासतात. तोही साधासुधा नाही. कॉम्प्युटर सुरू झाला की त्यातला सगळ्यांच्या आधी जो उठतो, बाकीच्यांना उठवतो आणि दिवसभर कामाला जुंपतो, तो कर्नल. थोडक्यात, आमच्या घरात मी. हा कर्नल ठिकठिकाणची माणसं मिळून लिहितात. कुणी बदल केला की तो ईमेलने चारचौघांसमोर मांडायचा, जाणत्यांनी तपासायचा, आणि पसंत पडला की तपासणाऱ्याने खाली आपलं नाव घालायचं. ते नाव तिथे कायमचं राहतं. ‘कायमचं’ म्हणताना भावजींचा आवाज देवघरात गेल्यासारखा खाली येतो.

मागच्या वर्षी त्यांच्या विभागाच्या प्रमुखाने कळवलं की, आता मी थकलो. पुढचा प्रमुख कोण ते येत्या काही महिन्यांतलं काम बघून ठरवीन. ह्या प्रमुखाला भावजी ‘म्हातारा’ म्हणतात आणि पंधरा वर्षं त्याच्या जागेवर डोळा ठेवून आहेत. निरोप आला त्याच दिवशी त्यांनी मला जिन्याखालची जुनी ट्रंक हलवायला सांगितली.

“वहिनी, आता व्हिडिओवर बैठका होतील. प्रमुखाच्या मागे ट्रंक दिसणं बरं नाही.”

ट्रंक माझ्या पलंगाखाली मावली नाही, म्हणून पलंगाशेजारी आली. वर्षभर मी तिला नडगी आपटत होते.

त्याच सुमारास एका नवख्या बाईचं काम भावजींकडे तपासायला आलं. तिला ते पहिल्या दिवसापासून ‘नवशिकी’ म्हणत. तिने लिहिली होती चेकसमची परीक्षा. एका कॉम्प्युटरकडून दुसऱ्याकडे माहिती जाते, तेव्हा तिच्यातल्या आकड्यांची बेरीज सोबत पाठवतात. पोचल्यावर पुन्हा बेरीज करायची. जुळली तर माल शाबूत. ती बेरीज म्हणजे चेकसम. बेरीज करणारा छोटा प्रोग्राम कुणीतरी नुकताच नव्याने लिहिला होता, जलद व्हावा म्हणून. तो चुकत तर नाही ना, हे बघायला परीक्षा: ठरलेले आकडे त्याला द्यायचे आणि तो काय उत्तर देतो ते आधी लिहून ठेवलेल्या बरोबर उत्तराशी ताडायचं.

हे सगळं मला जावेने समजावलं. जाऊ वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दवाखान्यांचे, सोनारांचे काटे तिच्या टेबलावर येतात. भावजी समजावतात तेव्हा आपण मूर्ख आहोत एवढंच समजतं.

“काय लिहितात लोक!” पहिल्याच दिवशी ते चहा घेता घेता म्हणाले. “हे बघा वहिनी. ओळीच्या शेवटी एक स्पेस जास्तीची.”

“कुठे? मला तर काहीच दिसत नाही.”

“ती दिसतच नसते. म्हणून तर माणूस लागतो.”

न दिसणारी, कुणाला न टोचणारी वस्तू शोधायला पगारी माणूस लागतो, हे मला नवीन होतं.

नवशिकीने स्पेस काढली आणि काम पुन्हा पाठवलं. भावजींनी कळवलं, ओळी लांब आहेत. तिने आखूड केल्या. मग टिपा लांब झाल्या, मग एक रिकामी ओळ नको तिथे आली, मग हवी तिथली गेली. दर खेपेला ती बाई आभार मानून दुरुस्ती करी, आणि दर खेपेला भावजी जेवताना तिचं पत्र तोंडी लावायला घेत.

सहाव्या खेपेला जाऊ म्हणाली, “अहो, मला एक सांगा. ती बरोबर उत्तरं आली कुठून?”

“कुठून म्हणजे? लिहिलेली आहेत कोडमध्ये.”

“लिहिलेली असतील. काढली कुणी? आमच्याकडे काटा आला, तर त्याच काट्यावर तोलून घेतलेलं वजन ठेवून आम्ही तो तपासत नाही. तसं केलं तर सगळे काटे बरोबरच निघतील.”

“झालं! आता हिची लोखंडी वजनं कर्नलमध्ये घाला,” भावजी माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाले. “कांदेबटाटे तोलायचे नाहीत तिथे.”

माझा नवरा ताटात बघून हसला. भाऊ भावाचा. जाऊ उठून हात धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजींनी आम्हाला जिन्याखाली बोलावलं आणि नवशिकीच्या कामाखाली आपलं नाव घातलं. आम्ही ते बघितलं. बारशाला जमल्यासारखे उभे होतो. पेढे तेवढे नव्हते.

तीन आठवड्यांनी एका गृहस्थाचं पत्र आलं. त्याच्या यंत्राने पाठवलेली माहिती समोरची यंत्रं अधूनमधून नाकारत होती. त्याने कागदावर बेरीज करून पाहिली, तर नव्या प्रोग्रामकडून शेवटचा हातचा गळत होता. आणि परीक्षा मात्र म्हणत होती, सगळं ठीक.

भावजींना आनंद झाला हे मी शपथेवर सांगेन. “अडकली नवशिकी!” म्हणत त्यांनी सगळ्यांना एक लांबलचक पत्र लिहिलं: निष्काळजीपणा, जबाबदारी, पूर्वीची माणसं वगैरे.

म्हाताऱ्याचं उत्तर तासाभरात आलं. त्याने नवशिकीच्या तिसऱ्या खेपेचं पत्र वर काढलं होतं. त्यात तिने स्वच्छ लिहिलं होतं: ‘बरोबर उत्तरं मी सध्या ह्याच प्रोग्रामकडून काढून घेतली आहेत. हे मला योग्य वाटत नाही. दुसरा मार्ग कुणी सुचवील का?’ आणि त्याखाली भावजींचा शेरा: ‘हा परिच्छेद फार लांब आहे, काढून टाका. वर एक रिकामी ओळही जास्तीची आहे.’

तिने बिचारीने दोन्ही काढलं होतं.

त्याखाली म्हाताऱ्याने एवढंच लिहिलं होतं: ‘हे आपणच ना?’

पत्रं सगळ्यांना वाचता येतात, म्हणून जावेने ते फोनवर मला दाखवलं. भावजी दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, “लांब होता तो परिच्छेद. खरंच लांब होता.”

नवशिकीने पुढची खेप पाठवली. ह्या वेळी दहा उत्तरं तिने हाताने काढली होती आणि कागदांचे फोटो सोबत जोडले होते. भावजी पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. तिची चूक सापडली तर अजून आशा होती.

“चुकलंय!” अर्ध्या तासाने ते ओरडले. “पहिलंच उत्तर! एकाने चुकलंय!”

जाऊ कांदा चिरत होती. मान वर न करता तिने विचारलं, “शेवटचा हातचा धरलात का?”

भावजींनी पुन्हा बेरीज केली. मग खोडरबर उचललं.

महिन्याने म्हाताऱ्याने विभाग नवशिकीच्या हाती दिला. आता भावजींनी काही लिहिलं की ते तिच्याकडे तपासायला जातं. पहिलं काम पाठवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की एका ओळीच्या शेवटी आपली एक स्पेस जास्तीची गेली आहे. चार दिवस माणूस धड जेवला नाही. पाचव्या दिवशी तिचं उत्तर आलं. हे आकडे कुठून घेतले, आणि दुसऱ्या कशाशी ताडून बघितले का, एवढे दोनच प्रश्न. भावजींनी उत्तरं दिली. तिने आभार मानले आणि काम स्वीकारलं. स्पेसबद्दल अवाक्षर नाही. ती भावजींच्या नावासकट आत गेली, कायमची.

“वहिनी,” त्यांनी संध्याकाळी मला विचारलं, “तिला दिसली नसेल?”

“दिसतच नसते ना ती,” मी म्हटलं. “आता जरा ट्रंकेला हात लावा. तिकडून धरा, मी इकडून धरते.”