चुंबक लागलेलं घड्याळ

निवृत्त झालो त्याच महिन्यात पुण्याला मुलाकडे गेलो होतो. तिथल्या एका मोठ्या दुकानातून मी स्वतःसाठी मनगटी घड्याळ घेतलं. सेलवर चालणारं नव्हे, ऑटोमॅटिक. आत अर्धचंद्रासारखी एक पट्टी असते. हात हलला की ती फिरते आणि घड्याळाला आपोआप चावी बसत राहते. मागच्या काचेतून ते सगळं दिसतं. नोकरीला लागलो तेव्हा आमच्या कार्यालयात तपासणीला आलेल्या एका साहेबांच्या हातात तसलं घड्याळ पाहिलं होतं. तेव्हापासून ते मनात होतं. दुकानातल्या मुलीने माझ्या मनगटावर पट्टा बसवला तेव्हा मुलाने विचारलं, "पप्पा, कसं वाटतंय?"

"चांगलं आहे," मी म्हणालो. खरं तर काहीच वाटलं नव्हतं. हाताला वजन लागलं, तेवढंच.

नंदुरबारला परतलो. तेहतीस वर्षं मी रोज सकाळी बसने तापी ओलांडून तळोद्याला जात होतो आणि संध्याकाळी परत येत होतो. डोंगरातून जीपने उतरलेली माणसं माझ्या टेबलासमोर कागद घेऊन उभी राहायची. ते सगळं एका शुक्रवारी संपलं. मला वाटलं होतं, वाईट वाटेल. तसंही झालं नाही. सकाळी सोफ्यावर बसायचो, पेपर उघडायचो आणि बायको जेवायला हाक मारायची. मधला वेळ कुठे गेला हे मला सांगता आलं नसतं.

घड्याळामुळे थोडं काम मिळालं. सोबत आलेली पुस्तिका मी शासन निर्णय वाचावा तशी वाचली. रोज मऊ कापडाने पुसायचं. पाण्याजवळ जायच्या आधी चावीचं बोंड घट्ट आहे ना ते पाहायचं. संध्याकाळी उशिरा तारखेला हात लावायचा नाही, आतले दात तुटतात. मी हे सगळं पाळत होतो. झोपताना कपाटाच्या वरच्या खणात रुमालांवर ठेवत होतो. सकाळी मोबाईलशी ताडून पाहायचो आणि फरक एका जुन्या वहीत लिहायचो.

पहिल्याच महिन्यात ते एकदा हातातच बंद पडलं. मुलाला फोन केला. तो हसला. "पप्पा, तुम्ही दिवसभर हलत नाही का? हात हलला तरच चालतं ते." मी बोंड फिरवून चावी दिली. त्यानंतर रोज सकाळी अंगणात दोन्ही हात हलवत दहा फेऱ्या मारू लागलो. शेजारच्यांना वाटलं, मी तब्येतीचं मनावर घेतलंय.

हिवाळ्याच्या शेवटी घड्याळ पुढे जाऊ लागलं. आधी दिवसाला काही सेकंदांचा फरक असायचा. तो एका आठवड्यात दहा मिनिटांवर गेला. मी कुठे आपटलं का, पाण्यात नेलं का, सगळं आठवून पाहिलं. दुकानात फोन केला. त्यांनी पाठवून द्यायला सांगितलं, महिना तरी लागेल म्हणाले. मग बाजारातल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे गेलो. एका जिन्याखाली त्यांचं काचेचं टेबल आहे. माझी जुनी घड्याळं त्यांनीच दुरुस्त केली होती.

त्यांनी घड्याळ उघडलं नाही. खणातून एक छोटं होकायंत्र काढलं आणि घड्याळ त्याच्याजवळ नेलं. सुई थरथरली आणि घड्याळाकडे वळली.

"चुंबक लागनं, भाऊसाहेब," ते म्हणाले. "आतली स्प्रिंग चिकटी ऱ्हायनी. म्हनीसन घड्याळ पुढे पळस."

चुंबक उतरवायच्या एका निळ्या डबीवर घड्याळ धरून त्यांनी बटण दाबलं आणि हात हळूहळू वर उचलला. पुन्हा होकायंत्राजवळ नेलं. या वेळी सुई हलली नाही.

"व्हई गयं. पन रातले कोठे ठेवतस तुम्ही?"

"कपाटना खणमा."

"त्या खणमा दखा. चुंबक तठेच व्हई."

मला हसू आलं असावं. आमच्या कपाटात चुंबक कसलं? घरी आलो. बायको मागच्या दाराशी धान्य निवडत बसली होती. मी खण पूर्ण बाहेर ओढला. रुमाल काढले. खाली एका जुन्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेला काळा पट्टा होता. आत गोल चकत्या शिवलेल्या होत्या. खिशातली किल्ली काढून जवळ नेली तर ती टक्‌कन चिकटली.

पट्टा घेऊन मी मागे गेलो.

"हाऊ कसाना पट्टा शे?"

तिने वर पाहिलं. "गुडघाना. समोरनी भाभीनी मंगाडी दिन्हा. चालाफिराले बांधस, बसताना न रातले काढी ठेवस."

"कव्हयपासून?"

"दिवाळीफाईन. खणमा महिनाभरफाईन ठेवस."

"मले काब्र सांगं नई?"

"सांगेल व्हतं ना." तिचा हात सुपात फिरतच होता. "तुम्ही पेपर वाची ऱ्हायन्तात. 'हं' म्हनात."

ती रागात नव्हती. आज भाजी कोणती ते सांगावं, तसं तिने सांगितलं. मी तिथेच उभा होतो. तिने सांगितल्याचं आठवतंय का, म्हणून मी मनात शोधलं. पेपर आठवला, चहाचा कप आठवला, तिचं बोलणं आठवेना. अशा वेळी माणसाला लाज वाटते, हे मला माहीत होतं. मी त्या लाजेची वाट पाहिली. छातीत कापूस भरल्यासारखं काहीतरी होतं, त्यापलीकडे काही आलं नाही.

दोन दिवसांनी मी म्हणालो, "चिंचपाडाले डॉक्टरले दखाडूत." ती नको म्हणाली, मग तयार झाली. आम्ही सकाळच्या पॅसेंजरने निघालो. स्टेशनच्या पुलावर मी नेहमीसारखा पुढे चालत वर गेलो. वर पोचून मागे वळून पाहिलं तर ती निम्म्यावर होती. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, आडवी होऊन चढत होती. माझ्या मागून अशी ती किती दिवस चढत असेल, कोण जाणे. मी खाली उतरलो आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, हलकी शे."

दवाखान्यात खिडकीमागच्या बाईंनी केसपेपर काढताना विचारलं, "काय त्रास आहे?"

"गुडघा दुखतो," मी म्हणालो.

"कोणता?"

"उजवा."

"डावा," बायको मागून म्हणाली.

बाईंनी लिहिलेलं खोडलं आणि पुन्हा लिहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टर तरुण होते. एक्स-रे पाहून म्हणाले, झीज आहे, पण एवढ्यात ऑपरेशनचं नाव काढायला नको. मांडी घालून बसायचं नाही, खाली वाकून जड उचलायचं नाही. रोज दोन वेळा पाय सरळ वर उचलून दहा आकडे धरायचा. पट्ट्याबद्दल विचारलं तर म्हणाले, बरं वाटत असेल तर बांधा, पण व्यायाम सोडू नका. त्यांनी व्यायाम करून दाखवला आणि मला म्हणाले, "काका, तुम्ही मोजत जा. एकटं असलं की पेशंट टाळतात."

परतताना गाडीत तिला खिडकी मिळाली. ती बाहेर बघत होती. मी विचारलं, "दुखी ऱ्हायनं का?" ती म्हणाली, "आते नई." मग थोड्या वेळाने, मी विचारलेलं नसताना, तिने बहिणीच्या नातीचं काहीतरी सांगायला सुरुवात केली. मी ऐकलं. सगळं नाही, पण बरंचसं ऐकलं.

आता घड्याळ पुढच्या खोलीत पुस्तकांच्या फळीवर असतं आणि वेळ बरोबर दाखवतं. सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला ती पलंगावर आडवी होते, पाय उचलते, मी आकडे मोजतो. कधी सातलाच पाय खाली येतो. मी पुन्हा एकपासून सुरू करतो. आतून मी अजून तसाच आहे. मुलाने फोनवर विचारलं तर मी "बरं आहे" म्हणतो.

गेल्या आठवड्यात ती देवळात गेली असताना मी स्वयंपाकघरातल्या खालच्या फळीवरचे सगळे डबे कमरेच्या उंचीवर लावले. तासभर लागला. ती आली, ओट्यापाशी बराच वेळ उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, "अहो, बाजरीना डबा कोठे ठेवा तुम्ही? मन्हं सगळं गडबडाई टाकं!"

मी उठून आत गेलो.