मांडीवरचं यान

कुरुंद्याच्या एसटीत शेजारच्या बाईंच्या मांडीवर लाल फडक्याखाली काहीतरी उंच होतं. देव समजून मी बसता बसता मनोभावे हात जोडले.

"देव न्हाई ओ भाऊ," त्या हसल्या. फडकं सरकवलं तर आत प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं अंतराळयान! "चित्र बघून न्हाई, माझ्या मनानं केलंय. पण मागच्या महिन्यात हेच ठोकळे औंढ्याचं देऊळ होते. तुमचा नमस्कार बराबर पोचला."

कुरुंद्याला त्यांचा भाऊ पाय मोडून पडला होता. देऊळ बघून झालं, आता अवकाशात ने, म्हणत होता. दर थांब्याला त्या अंगठ्यानं एकेक ठोकळा दाबून बघत.

"ताई, चिकटवत काहून न्हाई?"

"मंग फुडच्या खेपेला त्याला दुसरं काय दाखवू?"

तेवढ्यात एका खड्ड्यात यानाचा पंख निखळला. "जरा धरता का?" म्हणत त्यांनी यान माझ्या हातात दिलं आणि पंख बसवला. तिथून कुरुंद्यापर्यंत मी श्वाससुद्धा बेतानंच घेतला. यान सहीसलामत उतरलं.

घरी हे सगळं मोठ्या ऐटीत सांगितलं. बायको म्हणाली, "म्हंजे तुमाला धरता येतं तर! यंदा माझ्या माहेरची लोणच्याची बरणी तुमीच आणायची."