सहा सिलिंडरचं नाक

गाडीला एअर क्लीनर कशासाठी लागतो, असं कोणी विचारलं की भाऊ आधी विचारणाऱ्याचं नाक चिमटीत धरायचे. माणूस गुदमरून त्यांचा हात झटकेपर्यंत सोडायचे नाहीत. मग शांतपणे म्हणायचे, "आता चढून दाखव जिवतीचा घाट." आमच्या डॉक्टरबाईंनी एकदा हाच प्रश्न विचारला आणि भाऊंची पंचाईत झाली. बाईंचं नाक कसं धरणार? त्यांनी स्वतःचंच धरलं, चेहरा लाल होईपर्यंत धरून ठेवलं. शेवटी बाईच घाबरून म्हणाल्या, "कळलं मला, सोडा आता."

भाऊ आमच्या फिरत्या दवाखान्याचे ड्रायव्हर आणि मी कंपाउंडर. ऐंशीनंतरची ती वर्षं. चंद्रपूरच्या एका लहान संस्थेचा हा दवाखाना दर आठवड्याला गडचांदूरवरून जिवतीच्या डोंगरातल्या गावांना जायचा. गाडी लष्कराच्या मोडीतून आलेली, पेट्रोलवर चालणारी. तसल्या गाड्या तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. लांबट, अरुंद बॉनेट आणि त्याखाली एका ओळीत बसलेले सहा सिलिंडर.

भाऊ मूल गावचे. वडिलांनी जन्मभर भातगिरणीत पोती वाहिली, पण धम्मदीक्षा घेतल्यावर ठरवून टाकलं होतं की पोराच्या पाठीवर पोतं द्यायचं नाही. भाऊंना त्यांनी गाडी शिकायला धाडलं. त्यामुळे भाऊ स्टिअरिंगवर बसायचे तेच मुळी खुर्चीवर बसल्यासारखे, ताठ. रोज सकाळी इंजिन सुरू करून मान तिरपी करायचे, थोडा वेळ ऐकायचे आणि म्हणायचे, "साही बोलून राह्यले." हे झाल्याशिवाय आम्हाला गाडीत चढायची परवानगी नसे. एखाद्या दिवशी "चौथा रुसला" असं म्हणाले की आमचा चहा आणखी एक कप वाढायचा.

चौथाच काय, साही रुसायचं कारण म्हणजे धूळ. गडचांदूरच्या पुढे चुनखडीचे ट्रक सतत चालायचे आणि रस्त्यावर पांढरी भुकटी घोट्याएवढी साचायची. एका फेरीत आमच्या गाडीचा मूळचा एअर क्लीनर हादऱ्यांनी फुटला. ते कळेपर्यंत इंजिनानं इतकी धूळ खाल्ली की पिस्टनच्या रिंगा गेल्या आणि इंजिन बोरला, म्हणजे सिलिंडर नव्यानं कोरायला, द्यावं लागलं. दवाखाना कितीतरी दिवस बंद राहिला. बाईंनी भाऊंना आणि मला बोलावून सरळ सांगितलं की एक दाते नवी डिझेल जीप द्यायला तयार आहेत, तिच्यासोबत त्यांचा ड्रायव्हरही येणार आहे. ही गाडी पुढच्या फेऱ्यांत पुन्हा अडली तर ती जीप घ्यायची. भाऊ "बरं" म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांनी विडी काढली आणि न पेटवताच परत खिशात ठेवली. गाडी गेली की आपणही गेलो, हे त्यांना नीट समजलं होतं.

मग आम्ही दोघं भंगारवाल्यांच्या गल्लीत नवा एअर क्लीनर बघायला गेलो. त्या काळच्या एअर क्लीनरच्या तळाशी तेल असायचं. बाहेरची हवा त्या तेलावरून जायची, धूळ तेलात बसायची आणि वरच्या तारेच्या जाळीतून स्वच्छ हवा इंजिनात. आकार मात्र तऱ्हेतऱ्हेचे. एक थाळीसारखा चपटा, इंजिनाच्या डोक्यावर बसणारा. दुसरा ढोलकीसारखा आडवा. तिसरा चरवीसारखा उभा, बाजूला टांगायचा आणि रबरी पाइपानं इंजिनाला जोडायचा. घरात मुलगी पाहायला आलेल्या मंडळींसारखे आम्ही त्या तिघांसमोर बसलो.

ढोलकी भाऊंनी लगेच नापास केली. घाटात गाडी तिरपी झाली की तेल एका टोकाला जाणार आणि दुसरं टोक कोरडं पडणार, हे मलाही पटलं. थाळी बाईंना पसंत होती. ती बॉनेटच्या झाकणाखाली मावते, गाडी नीटनेटकी दिसते. चरवी बाहेर राहणार आणि फांद्यांना अडकणार, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. आणि खरं सांगायचं तर बाईंचं म्हणणं बरोबर होतं. चरवी लावायची तर बॉनेटचा एका बाजूचा पत्राच काढून ठेवावा लागत होता. पण भाऊंनी चरवी उचलली, काखेत धरली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"थाळीत तेल घोटभर," ते म्हणाले. "इच्यात पोटभर. अन् एक पट्टा सैल केला का हातात येते."

चरवी आली. गाडी एका बाजूनं उघडी आणि कडेला ते भांडं लटकलेलं, असा आमचा थाट. संस्थेत पाहुणे आले की बाई गाडी दुसऱ्या बाजूनं उभी करायला लावायच्या.

भाऊंचं एवढ्यावर भागत नसे. गडचांदूरच्या धुळीचा पट्टा आला की ते गाडी थांबवायचे, खांद्यावरचा दुपट्टा पाण्यात भिजवून पिळायचे आणि चरवीच्या तोंडाला बांधायचे. आम्ही बाकीचे रुमाल नाकाला लावून बसायचो. ते उघड्या तोंडानं गाडी हाकायचे, भुवया पांढऱ्या करून. मी एकदा म्हटलं, भाऊ, तुमच्यासाठीही एक फडकं ठेवा. तर म्हणाले, "मले काय करायचं? घाट मी थोडाच चढून राह्यलो. थे चढते." आम्ही सगळे हसलो होतो.

हिवाळ्यात बाई स्वतः फेरीला आल्या. गाडी ठेवायची की नाही, हे त्या फेरीत ठरणार होतं. डोंगर चढून पठारावर आलो आणि बाईंनी सांगितलं होतं तेच झालं. एका फांदीनं चरवीला असा दणका दिला की ती तिरपी झाली आणि तिच्यातलं तेल सांडलं. बाईंनी उतरून सांडलेलं तेल पाहिलं आणि त्या परत गाडीत जाऊन बसल्या.

मुक्काम एका गोंड कुटुंबाच्या घरी होता. त्या घरच्या बाईनं मोहाच्या बियांचं, म्हणजे टोळीचं तेल नुकतंच काढून आणलं होतं. भाऊंनी ते मागून घेतलं आणि चरवीत चांगलं गळ्यापर्यंत भरलं. तेलासारखं तेल, धूळ धरायची तर यानंही धरेल, असा त्यांचा हिशेब. टोळीच्या तेलावर लहानपणापासून भाकरी खाल्लेल्या माणसाला एक गोष्ट आठवू नये, याचं मला आजही हसू येतं.

डोंगरावर त्या रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी इंजिन सुरू झालं, खोकलं, मागून काळाकुट्ट धूर सोडला आणि बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. भाऊंनी मान तिरपी केली, पण बोलायला काही नव्हतं, साही गप्प होते. बाई पडवीत उभ्या राहून पाहत होत्या. भाऊंनी चरवीचं झाकण काढलं आणि तसेच उभे राहिले. मी जाऊन पाहिलं. तेल तुपासारखं पांढरंशुभ्र थिजलं होतं आणि जाळीच्या तारातारांत जाऊन बसलं होतं. हवेला जायला सुईएवढी वाट नव्हती.

घरची बाई आली, तिनं आत डोकावलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "थंडीत गोठते ना भाऊ थे. तुमाले नाई मालूम?"

भाऊंना मालूम होतं. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. पण हात थांबले नाहीत. त्यांनी पट्टा सैल केला, चरवी काढून काखेत घेतली आणि सरळ तिच्या चुलीपाशी नेऊन निखाऱ्यांशेजारी ठेवली, दूध तापवायला ठेवावं तशी. तेल वितळलं तसं ओतून काढलं. जाळी अंगणात, चुलीपासून लांब नेऊन, पेट्रोलनं धुतली. मग गाडीखाली शिरून इंजिनातलंच थोडं तेल काढून चरवीत घातलं. बाईंनी विचारलं, की हे काल का नाही सुचलं.

"गाडीच्या तोंडचं काऊन काढू, बाई?" भाऊ गाडीखालूनच म्हणाले.

ऊन अंगणात उतरायच्या आत साही बोलायला लागले. काढलेलं टोळीचं तेल त्या घरानं बैलगाडीच्या आसाला लावलं. पुढच्या गावात लोक वाट पाहत बसले होते, त्यांना आम्ही जेवणवेळेपर्यंत गाठलं. परतताना बाई एवढंच म्हणाल्या, "थाळी असती तर बोल्ट खोलता खोलता दुपार झाली असती. ठेवा तुमची चरवी." डिझेल जीप दुसऱ्या कोणाकडे गेली. त्यानंतर काही आठवडे भाऊंसोबत प्रवास करणं अवघड होतं, इतके ते खूश होते. भेटेल त्याचं नाक धरत होते.

गाडी टिकली. इंजिन पुन्हा उघडावं लागलं नाही. दम लागायला लागला तो भाऊंना. आधी चाक बदलताना, मग दवाखान्याच्या पायऱ्या चढताना. बाईंनी छाती तपासली आणि धुळीच्या रस्त्यावर जायचं नाही असं सांगितलं. भाऊ मूलला घरी गेले. एका फेरीनंतर आम्ही वाट वाकडी करून गाडी त्यांच्या दारात नेली. ते खाटेवर उशांना टेकून बसले होते. इंजिन चालूच ठेवायला सांगितलं, मान तिरपी केली, ऐकलं. "साही बोलून राह्यले," म्हणाले. एवढं बोलून त्यांना थांबावं लागलं. बाईंनी तोंड फिरवलं. थोड्या दिवसांनी ते गेले.

त्यांच्या जागी आलेला ड्रायव्हर चांगला चाळिशीचा, जाणता माणूस होता. भाऊंनीच त्याला घरी बसवून सगळं समजावलं होतं. भाऊ गेल्यानंतरच्या पहिल्या फेरीत गडचांदूरचा तो पट्टा आला, तशी त्यानं गाडी थांबवली, खांद्यावरचा दुपट्टा भिजवून पिळला आणि चरवीच्या तोंडाला बांधला. मी खाली उतरलो. गाठ सोडली आणि तो ओला दुपट्टा त्याच्या नाकातोंडावरून घेऊन मागे आवळून बांधला. तो माझ्याकडे पाहत राहिला. चल म्हटलं, चरवीत तेल पोटभर आहे.