काकांचे सात अर्ल

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका निष्ठावान इंग्रज खुद्द इंग्लंडात सापडला नसता. गृहस्थ मूळचे साताऱ्याचे, राहायला शारजात अल मजाजला, नोकरीला दुबईत ड्राफ्ट्समन. पण त्यांचा ब्रिटिश साहेब एका निपुत्रिक अर्लचा, म्हणजे तिकडच्या पिढीजात सरदाराचा, पुतण्या निघाला आणि काकांनी ते अख्खं घराणं दत्तक घेतलं. रोज सकाळी दुबईच्या ट्रॅफिकमध्ये मी त्यांच्या गाडीत असायची, त्यामुळे दर सिग्नलला एक अर्ल माझ्या डोक्यावर आदळे. पहिल्याने लढाईतून पळणाऱ्या राजाला स्वतःचा घोडा दिला, म्हणून किताब. दुसऱ्याने दोन जंगलं जुगारात घालवली. तिसरा चर्चच्या घंटेविरुद्ध बावीस वर्षं खटला लढला. चौथा हिंदुस्थानावर राज्य करायला निघाला आणि बोट लागली म्हणून अर्ध्या वाटेतून परतला. पाचव्याने काहीच केलं नाही. ते सांगायला काकांना सगळ्यांत जास्त वेळ लागे.

पुण्यात कॉलेजभर पत्रकं वाटून आलेली मी. जन्माने मिळालेला मोठेपणा दिसला की माझं पित्त खवळतं. "बापाची खुर्ची पोराला? ही उघड लूट आहे, काका!"

"कॉम्रेड, यल्ला, चल, आधी काच वर कर. एसी बाहेर चाललाय."

साहेबाचा चुलता, म्हणजे सहावा अर्ल, वारला तेव्हा काकांनी तीन दिवस सुतक पाळलं. साहेब, म्हणजे आता सातवा अर्ल, तिन्ही दिवस गोल्फ खेळत होता. त्याला तीन मुली. मुलींना किताब मिळत नाही, तो कुठल्याशा लांबच्या चुलतभावाकडे जाणार, हे ऐकून मी गाडीतच सभा घेतली. काका शांत. "नियम आहे गं तो त्यांचा."

मग काकांची साठी आली. कंपनीने खास पत्र दिलं तरच व्हिसा वाढणार होता. नाहीतर त्यांचा रद्द, आणि त्यांच्या व्हिसावर असलेल्या मुलीचा, मृणालचाही. साहेबाला अरबीतला एकच शब्द यायचा, काकांनी पत्र मागितलं तेव्हा तो त्याने वापरला: "इन्शाल्ला." आणि इस्टेट सांभाळायला तो इंग्लंडला निघून गेला. पत्र आलंच नाही.

"बट बाबा, आय वॉज बॉर्न हिअर," सतरा वर्षांची मृणाल म्हणाली. पण इथे जन्मून कुणाला इथलं होता येत नाही. मी तावातावाने पत्रक लिहायला घेतलं, पण ते वाटायचं कुणाला, हेच कळेना.

जाण्याआधीच्या आठवड्यात काका मृणालला घेऊन रोज घराजवळच्या खालिद लगूनच्या, त्या खाऱ्या तळ्याच्या, काठाने फिरत. एकदा मीही गेले. ती दाखवत होती: इथे मी सायकल शिकले, इथे पडून दात तुटला, या बाकावर बसून फिजिक्समध्ये नापास झाले म्हणून रडले. काकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते हळूहळू चालत होते, आणि प्रत्येक जागेपाशी थांबून विचारत होते, "आणि मग?"