सोवनीकाकांची बोलकी डिस्क

सोवनीकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहा पुढे ठेवेपर्यंत सोफ्यावरून गायब झाले होते. शोधलं तर स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या जागेत, वॉशिंग मशीनसमोर उभे. मशीन कपडे पिळत होतं. काकांनी एका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला टेकवलं होतं, मूठ कानाला लावली होती, डोळे मिटले होते आणि दुसरा हात 'कुणी बोलू नका' असा वर धरला होता. माझ्या सासूबाई नुकत्याच पुण्याहून आल्या होत्या. इकडे यंत्रांची पूजा अशी करत असावेत असं समजून त्या बिचाऱ्या हात जोडून उभ्या राहिल्या. "बेअरिंग चाललंय," काका डोळे उघडून म्हणाले. "दिवाळी काढेल. पुढचं सांगत नाही." पाहुणा म्हणून खिशात स्क्रूड्रायव्हर घेऊन येणाऱ्या माणसाचंच बेअरिंग आधी बघायला हवं, असं मी मनात म्हटलं. मशीन दिवाळी आटोपल्यावर बसलं.

सिंगापुरात बुओना व्हिस्टाच्या आमच्या कॉन्डोत काका आणि मंदाकाकू दोन मजले खाली राहायचे. काका जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये इंजिनिअर होते. पंप, कॉम्प्रेसर, पंखे, जे जे गरगरतं ते त्यांच्या ताब्यात. मोठ्या यंत्रांना सेन्सर लावलेले असत, पण लहान पंपांची तब्येत माणसानेच रोज फेरी मारून बघायची, आणि त्या कामात काकांचा कान सगळ्या प्लांटमध्ये नावाजलेला होता. "जे फिरतं ते बोलतं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. "मशीन कधी अचानक मरत नाही गं. ते महिनाभर सांगत असतं. आपण अचानक ऐकायला लागतो." यावर मंदाकाकूंचं उत्तर ठरलेलं असे. "मी तीस वर्षं सांगतेय. फिरत नाही ना मी, म्हणून ऐकू जात नाही."

एका शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. "तू डिस्कवाली ना? जरा खाली ये." मी वन-नॉर्थला एका कंपनीत कामाला होते, लोकांचा डेटा कुठे आणि कसा साठवायचा हे बघायचं माझं काम. त्यामुळे ओळखीपाळखीत ज्याचा म्हणून कॉम्प्युटर रुसे, तो मला फोन करी. काकांना घरच्या कॉम्प्युटरसाठी नवी डिस्क हवी होती. फोटो वाढले असतील, असं समजून मी गेले. फोटोबिटो काही नव्हतं. काकांना आवाज साठवायचे होते.

"दोन वर्षांत निवृत्त होणार मी," ते म्हणाले. "पण कान त्याआधी निवृत्त होतायत. दरवर्षी कंपनी तपासते. वरच्या पट्टीतले आवाज उतरायला लागलेत. डॉक्टर म्हणतो, गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळा. सांभाळून करू काय? डोक्यात आहेत तोवर बाहेर काढून ठेवतो. प्लांटमधल्या पोरांना उपयोग होईल." प्लांटमध्ये ज्वालाग्राही वायू, म्हणून मोबाइल वगैरे आत न्यायची बंदी. शिवाय बिघडत चाललेला पंप हवा तेव्हा थोडाच सापडतो? तेव्हा काकांनी ठरवलं होतं की सगळे आवाज स्वतःच्या तोंडाने काढायचे.

मला वाटलं, थट्टा करतायत. त्यांनी खुर्ची सरसावली, गाल आत ओढले आणि 'घुंर्रर्र' असा आवाज लावला की मी टेबलापासून मागे सरकले. तो चांगल्या पंपाचा. मग त्याच घुरघुरीत मध्येच एक बारीक 'टिक्' आलं. मग दोन. "ऐकलंस? हा महिनाभर आधीचा. आता आठवडाभर आधीचा ऐक." घशात, नाकात, दातांत असा तो पंप माझ्यासमोर हळूहळू मरणाला टेकला. कुणाला खोटं वाटेल, पण मला त्या पंपाची काळजी वाटायला लागली.

आता डिस्क कुठली घ्यायची? त्या वर्षांत एसएसडी नुकती घरगुती माणसाच्या आवाक्यात येऊ लागली होती. मी नेहमीचं प्रवचन दिलं. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, तिच्यावरून एक बारीक दांडी वाचत जाते, जागा भरपूर पण वेग बेताचा. एसएसडीत फिरणारं काही नाही, सगळं चिपवर. ती वेगवान, पण महाग आणि जागेला आखूड. "आणि आवाज अजिबात नाही," मी कौतुकाने म्हटलं. काकांचा चेहरा चांगल्या स्थळात ऐनवेळी खोट निघावी तसा झाला.

"मग ती आजारी पडली तर कळणार कसं?"

"तसं सांगणारं सॉफ्टवेअर असतं, काका."

"म्हणजे पेशंटने स्वतःच लिहिलेला रिपोर्ट!"

"हार्ड डिस्क तरी दरवेळी टकटक करून थोडीच जाते? आमच्याकडे कितीतरी मुकाट्याने जातात."

"मुकाट्याने जात नसतील. तुमच्या त्या सर्व्हरच्या खोलीतल्या एसीच्या घोंगाटात ऐकणार कोण?" काका म्हणाले. "मुक्या जनावरावर माया करावी, घराची किल्ली त्याच्या हवाली करू नये."

"बरं, काय हवं ते घ्या. पण दोन घ्या. एकीवर विसंबू नका."

"दोन घेतो. दोन्ही बोलणाऱ्या."

बुगिसजवळ कॉम्प्युटरच्या दुकानांनी खच्चून भरलेली एक इमारत आहे, तिथे आम्ही गेलो. काकांनी दुकानदाराला प्रत्येक डिस्क चालू करून दाखवायला लावली आणि प्रत्येकीला कान लावला. "अंकल, धिस वन व्हेरी क्वाएट, व्हेरी गुड," असं दुकानदार म्हणाला की ती डिस्क नापास. शेवटी सगळ्यांत ठसठशीत घुरघुरणाऱ्या दोन हार्ड डिस्का घेऊन आम्ही एमआरटीने परतलो. मी वैतागले होते. माझा धंदा हा, आणि माझ्यादेखत माणूस कलिंगड थापटून घ्यावं तशी डिस्क घेतो!

मग दर शनिवार-रविवारी रेकॉर्डिंग सुरू झालं. एसी बंद, खिडक्या बंद, सिंगापूरचा दमट उकाडा आणि बनियनमधले काका माइकसमोर पंप झालेले. टेबलावर माइक आणि शेजारी, नजरेसमोर असावी म्हणून, ती घुरघुरती डिस्क. आधी आवाज, मग इंग्रजीत दोन वाक्यं: हा कशाचा, किती दिवस हातात आहेत, काय करायचं. शेजाऱ्यांची तक्रार गेली. खालचा सिक्युरिटीवाला वर आला आणि दारातूनच आत डोकावत म्हणाला, "अंकल, युवर मशीन स्पॉइल इज इट?" काका इतके खूश झाले की त्याला आत बोलावून चहा पाजला. "याने ओळखलं की नाही बिघाड?" पुढे एका पंपात पाण्याचे बुडबुडे फुटण्याचा आवाज आला, त्याला काकांनी 'ज्वारीच्या लाह्या फुटतात तसा' म्हटलं. त्यांच्या हाताखालच्या वेई मिंगने विचारलं, व्हॉट इज ज्वारी? तेव्हा मंदाकाकूंनी लिटल इंडियातून ज्वारी आणून कढईत लाह्या फोडल्या, आणि तो आवाजही संग्रहात गेला.

पावसाळी महिने संपत आले तेव्हा काकांनी झालेलं सगळं काम माझ्याकडे नीट लावायला दिलं. मी चांगले हेडफोन घालून ऐकायला बसले. प्रत्येक पंपाच्या खाली एक बारीक शिट्टी होती. अखंड, एकाच सुरातली. चांगल्या पंपाखाली तीच, मरणाऱ्या पंपाखालीही तीच. ती डिस्कची होती.

मी खाली जाऊन सांगितलं. "कुठली शिट्टी?" काकांनी हेडफोन घातले. आवाज वाढवला. आणखी वाढवला. इतका, की पलीकडे भाजी निवडत बसलेल्या मंदाकाकूंना हेडफोनमधून सांडणारी ती शिट्टी ऐकू गेली आणि त्यांनी मान वर केली. काकांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यावरून त्यांना कळलं.

काकांनी हेडफोन काढले, डिस्क सुरू केली, तिच्यावर तळहात ठेवला, मग तो सरकवत टेबलाच्या फळीवर, तिथून माइकच्या बुडाशी नेला. "लाकडातून जातंय," ते म्हणाले. "एका मशीनच्या पायावर दुसरं मशीन ठेवायचं नाही, हे मी प्लांटमधल्या पोरांना ओरडून सांगतो. आणि घरात हेच केलं." मग म्हणाले, "कान उतरलेत माहीत होतं. इतके उतरलेत हे माहीत नव्हतं."

मला त्यांचं फार वाईट वाटलं. मी घाईघाईने म्हटलं, "काका, सॉफ्टवेअरने ती शिट्टी पुसता येईल. मी करते."

"नको. बेअरिंग बिघडायला लागतं तेव्हा पहिल्यांदा असंच बारीक बोलतं. शिट्टी पुसायला जाशील आणि बेअरिंग पुसलं जाईल. नेमका तोच आवाज पोरांना ऐकू यायला हवा." ते उठले, तोंड धुऊन आले. "ती तुझी मुकी कुठली? एसएसडी. उद्या आणू. माइकजवळ ती. या दोघींना कपाटात नेऊन ठेव, काम झालं की रोज त्यांच्यावर कॉपी करू. पहिल्यापासून करायचं सगळं."

"सगळं?"

"मग काय अर्ध्या प्लांटला शिट्टी वाजवत ठेवू?"

अडचण एकच होती. बारीक आवाज काका आता आठवणीने काढत होते, पण तो बरोबर निघाला की नाही हे त्यांना ऐकू येत नव्हतं. वेई मिंगला विचारून उपयोग नव्हता, त्यालाच तर शिकवायचं होतं. काकूंनी निवडलेली भाजी बाजूला सारली आणि खुर्ची ओढून माइकपाशी बसल्या. "तीस वर्षं जेवणाच्या टेबलावर दुसरं काय ऐकलं मी? आज कुठला पंप कसा ओरडला, हेच ना? काढा तुम्ही. मी सांगते."

आणि खरंच त्या सांगत. हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. काका दातांतून बारीक 'सूंऽऽ' काढत, काकू डोळे मिटून ऐकत. "अंहं. हा सील गळतो त्याचा झाला. बेअरिंगचा याच्याहून कोरडा असतो." काका पुन्हा काढत. "आता फार चढला." पुन्हा. बरोबर आला की काकू नुसता हात वर करत. काही आवाजांना अख्खा रविवार जाई. त्या वर्षात काकांचा उजवा कानही उतरला. प्लांटने त्यांना फेरीवरून काढून टेबलाशी बसवलं. काकांनी त्याचा शोक केला नाही, आता प्लांटच्या गोंगाटात ओरडून घसा दमत नाही म्हणून आठवड्यातल्या संध्याकाळीही माइकसमोर बसायला लागले. त्यांचं ते गुरगुरणं लिफ्टपर्यंत ऐकू येई आणि माझी मुलगी सिंगापुरी इंग्रजीत म्हणे, "सोवनी आजोबा स्टिल नॉट फिनिश, लाह."

काम पुरं झालं. काका-काकू आता पुण्यात असतात. काका दोन्ही कानांत यंत्रं घालतात आणि समोरच्याच्या ओठांकडे बघत बोलतात. वेई मिंग नव्याने लागलेल्या इंजिनिअरांना अजून तो संग्रह ऐकवतो, ज्वारीसकट.

पुण्याला निघायच्या आधीच्या रविवारी मी फाइलींच्या शेवटच्या कॉप्या करून द्यायला त्यांच्याकडे गेले. सामान बांधून झालं होतं, टेबल तेवढं उभं होतं. यादीत नसलेली एक फाइल मला दिसली. ती काकांनी काकू घरी नसताना केलेली होती. मी ती लावली. एक बारीक, सपाट, न तुटणारा 'ईंऽऽ'. मग काकांचं इंग्रजी, ते मराठीत सांगते. "हा आवाज तुम्हाला कुठल्याही पंपात सापडणार नाही. हा माझ्या कानात आहे. दिवसरात्र असतो. पंप नीट ऐकू यावा म्हणून मी कानांवरचे, आवाज अडवणारे मफ काढायचो. तुम्ही काढू नका. बाकी सगळं दुरुस्त होतं, हे होत नाही."

काकू दाराशी उभ्या होत्या. या आवाजाबद्दल त्या घरात कधी शब्द निघाला नव्हता. मला रडू आवरेना, म्हणून मी उगाच वायरी गुंडाळायला लागले. काकू पुढे आल्या. "हा रोज असतो?" त्यांनी मोठ्याने विचारलं. काकांनी होकारार्थी मान हलवली.

"मग चूक आहे," काकू म्हणाल्या.

"काय चूक? तुला काय माहीत? हा तर मलाच ऐकू येतो."

"दिवसरात्र असतो म्हणता आणि एवढ्यात थांबलात. ऐकणाऱ्याला वाटेल, एवढंच ना? सोसता येईल. लांबवा. मुलांना नको नको झालं पाहिजे. आणि ही शेवटी कशाला? पहिली लावा."

मी वायरी सोडवून माइक जोडला. काका बसले. त्यांनी छातीत श्वास भरला आणि तो आवाज दम संपेपर्यंत काढला. थांबले, श्वास घेतला, पुन्हा काढला. मान लाल झाली, डोळ्यांत पाणी आलं. काकू समोर बसून ऐकत होत्या. त्यांनी हात वर केला नाही.